आईचा मणका, माझा रिपोर्ट आणि नाचणी : हाडं ठिसूळ होण्याबद्दल अनुभव हवेत

सांजवेळ | १४ जुलै, रात्री १०:२२

मंडळी, मी इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण डोक्याचा पार गोंधळ झालाय.

आई ७७ वर्षांची, चिपळूणला असते. गेल्या महिन्यात नळाला पाणी आलं म्हणून कळशी उचलायला वाकली आणि पाठीत कट्ट झालं म्हणाली. पडली नाही, आपटली नाही, काही नाही. चार दिवस बाम, शेक, एरंडाची पानं सगळं झालं, मग एक्स-रे काढला तर पाठीचा एक मणका पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखा झालाय. डॉक्टरांनी विचारलं, यांची उंची कमी झालीय का? आम्ही भावंडं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. मग मला आठवलं, फळीवरचा पोह्यांचा डबा ती पूर्वी नुसता हात वर करून काढायची, गेली तीन-चार वर्षं स्टूल घेते. आम्ही चेष्टा करायचो की आई तू आता पहिलीत जा परत.

तिचं बघून मी माझी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करून घेतली. वय ५३, पाळी ४६ लाच गेली. कण्याचा टी-स्कोअर उणे २.६, खुब्याचा उणे १.९. डॉक्टर म्हणाले, वर्षातून एकदा सलाईनमधून औषध घ्या नाहीतर आठवड्याची गोळी. वहिनी म्हणते त्या औषधाने जबडा सडतो. सासूबाई म्हणतात नाचणी खा, उन्हात बस. मला काही होत नाहीये हो, काही दुखत नाही, रोज लोकलने डोंबिवली ते भायखळा उभी जाते. मग औषध कशाला? नाचणी, तीळ, ऊन, चालणं यावर भागेल का? कोणी भागवलंय का?

---

सदाशिव_पेन्शनर | १४ जुलै, रात्री १०:५१

भागेल. आमच्या काळी हे डेक्सा-बिक्सा काही नव्हतं. सकाळचं कोवळं ऊन, घरचं दूध, भाकरी. माझी आजी ९१ व्या वर्षी विहिरीवरून पाणी आणायची.

---

मिरचीचा_खर्डा | १४ जुलै, रात्री ११:०३

आजोबा, आमच्या काळीही होतं की. फक्त त्याला "म्हातारी वाकली" म्हणायचे. काठी टेकत जमिनीकडे बघत चालणारी एक तरी आजी प्रत्येक आळीत होती, आणि "ती मोरीत पडली, मग अंथरुणाला खिळली, मग दोन महिन्यांत गेली" ही गोष्ट तर प्रत्येक घरात. कारण विचारलं की उत्तर एकच, वय झालं होतं.

---

सदाशिव_पेन्शनर | १४ जुलै, रात्री ११:०९

माझी आजी वाकलेली नव्हती.

---

मिरचीचा_खर्डा | १४ जुलै, रात्री ११:१०

एक आजी म्हणजे सर्व्हे नव्हे :)

---

प्लास्टरवाला | १५ जुलै, सकाळी ७:१५

मी ऑर्थोपेडिक आहे. इथे कोणाचं प्रिस्क्रिप्शन लिहिणार नाही, पण सांजवेळ ताईंचा "काही दुखत नाही मग औषध कशाला" हा प्रश्न मला ओपीडीत दिवसातून पाच वेळा येतो म्हणून थोडं लिहितो.

हाड म्हणजे सिमेंटचा खांब नाही. आपल्या शहरातला रस्ता डोळ्यासमोर आणा. एक टोळी जुना रस्ता खोदत असते, दुसरी मागून भरत येते. खोदणाऱ्या पेशी म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, भरणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट. आयुष्यभर हे काम चालू असतं. तिशीपर्यंत भरणारे पुढे असतात, त्यानंतर हळूहळू खोदणारे पुढे जातात. बायकांमध्ये इस्ट्रोजन हा खोदणाऱ्यांवरचा मुकादम असतो, त्यांना आवरून धरतो. पाळी गेली की मुकादम कामावरून जातो आणि पुढची पाच-सात वर्षं खोदकाम सुसाट होतं. भरणारे बिचारे वेग वाढवतात, तरी पुरे पडत नाहीत. ताईंची पाळी ४६ ला गेली, म्हणजे तो काळ त्यांचा जरा लवकरच झाला.

दुखत नाही कारण खड्ड्याला दुखत नाही, चाक आत गेल्यावर कळतं. गुडघे दुखतात तो वेगळा आजार, तिथे सांध्याची गादी झिजते. लोक दोन्हीला "हाडांची झीज" म्हणतात त्यामुळे सगळा घोळ.

टी-स्कोअर म्हणजे तरुण निरोगी माणसाच्या हाडाशी तुलना. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ ही मधली पायरी, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेल्या रेषा आहेत. आणि आईंसारखा मणका न पडता दबला असेल तर स्कोअर काहीही येवो, निदान झालंच.

---

रविवारची_मिसळ | १५ जुलै, सकाळी ९:३०

रस्त्याचं उदाहरण एक नंबर, फक्त आमच्या वॉर्डात भरणारी टोळीच नाही.

माझा अनुभव : ५६ व्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत ओल्या फरशीवर घसरले, हात टेकला, मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, मग फिजिओ, मग सुट्टी. एकाही माणसाने, म्हणजे एकाही, विचारलं नाही की बाई एवढ्याशा पडण्याने मनगट का मोडलं. ६३ व्या वर्षी खुबा मोडला तेव्हा तपासणी झाली. मनगट मोडलं हीच पहिली घंटा होती असं आता सांगतात. मधली सात वर्षं फुकट गेली. तुम्ही तर काही मोडायच्या आधी कळून घेतलंय, नशीबवान आहात.

---

चुनखडी | १५ जुलै, सकाळी ११:४४

एवढं सगळं कशाला, गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना रोज दह्यातून घ्या. शुद्ध कॅल्शियम. फार्मा कंपन्या हे सांगणार नाहीत.

---

आकडेमोड | १५ जुलै, दुपारी १२:२०

कंपन्या सांगणार नाहीत, मी सांगतो. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा. चुन्यात वजनाच्या निम्म्याहून थोडं जास्त कॅल्शियम, म्हणजे झालं २०-२५ मिग्रॅ. दुधात १०० मिलीला साधारण १२० मिग्रॅ. म्हणजे तुमचा जादूचा दाणा = अर्धा कप चहात आपण जेवढं दूध घालतो तेवढं. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्ये मोठ्या माणसाला रोज १००० आणि पाळी गेलेल्या बाईला १२०० मिग्रॅ सांगितलंय. उरलेल्या ११७५ चं काय?

---

चुनखडी | १५ जुलै, दुपारी १२:३१

दाण्याएवढा आकाराने म्हणतात, वजनाने नाही. चुना जड असतो.

---

आकडेमोड | १५ जुलै, दुपारी १२:३३

बरं, दुप्पट धरा. एक कप चहा.

---

खोबरेल | १५ जुलै, दुपारी १२:५०

आणि ज्या दह्यातून घेताय त्या वाटीभर दह्यातच दीडशेच्या वर कॅल्शियम आहे की! चुना फुकट बदनाम. माझ्या चुलतभावाने "दाण्याएवढा" म्हणत बोटभर घेतला होता, तोंड सोलून निघालं. तो तंबाखूवाल्यांना राहू द्या.

---

आकडेमोड | १५ जुलै, दुपारी १:१५

आता नाचणी. १०० ग्रॅमला साधारण ३५० मिग्रॅ, गहू-तांदळापेक्षा कितीतरी जास्त, वादच नाही. पण एका भाकरीला पीठ जातं ४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे १४० मिग्रॅ. नुसत्या नाचणीवर १२०० गाठायचे तर रोज साडेआठ भाकऱ्या. तिळात १०० ग्रॅमला १२०० च्या वर दिसतात पण १०० ग्रॅम तीळ कोण खातं, चमचाभर म्हणजे शंभर-सव्वाशे, आणि त्यातलं सगळं अंगी लागत नाही. पालकाचंही तेच, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. त्यापेक्षा दोन कप दूध, वाटीभर दही, एक नाचणीची भाकरी, चमचाभर तिळाची चटणी, बाकी डाळी-भाज्या असं धरलं तर हजाराच्या आसपास पोचता येतं. ज्यांना दूध चालत नाही त्यांचं गणित खरंच अवघड आहे.

---

मांदेली_फ्राय | १५ जुलै, दुपारी २:०२

ज्यांना दूध चालत नाही त्यांनी मालवणात या. जवळा, सुकट, मांदेली काट्यासकट कुरकुरीत. काट्यातच सगळं कॅल्शियम. पापलेट खाऊन काटा ताटात टाकणारे लोक हाडांबद्दल बोलताना बघून गंमत वाटते.

---

शाकाहारी_वाघ | १५ जुलै, दुपारी २:१०

धागा हाडांचा आहे, भूक लागेल असं लिहू नका.

---

मुतखडा_दोनदा | १५ जुलै, दुपारी ३:२५

माझा घाबरत घाबरत प्रश्न. मला दोनदा स्टोन झालाय. कॅल्शियम वाढवलं तर पुन्हा होणार ना?

---

प्लास्टरवाला | १५ जुलै, रात्री ९:१०

जेवणातलं कॅल्शियम तोडू नका. ते आतड्यातच ऑक्झलेटला पकडतं आणि बाहेर घेऊन जातं. ते कमी केलं की उलट जास्त ऑक्झलेट लघवीत उतरतं. गोळ्यांचा विषय वेगळा, त्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, तुमच्या युरॉलॉजिस्टला विचारून घ्या. आणि गोळी घेणाऱ्या सगळ्यांसाठी : एका वेळी ५०० मिग्रॅच्या वर घेऊन उपयोग होत नाही, शरीर घेतच नाही. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर जेवणासोबत. थायरॉइडची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर त्याच घोटाबरोबर गिळू नका, थायरॉइडच्या गोळीपासून तर चार तासांचं अंतर ठेवा.

---

मँचेस्टरचा_पाऊस | १५ जुलै, रात्री ११:४०

आजोबांच्या कोवळ्या उन्हाबद्दल बोलायचं राहिलं. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे जे यूव्हीबी किरण असतात ते सकाळी सातच्या तिरप्या उन्हात जवळपास नसतातच. साधा नियम : तुमची सावली तुमच्यापेक्षा लांब असेल तर फारसं काही तयार होत नाही. म्हणजे अकरा ते दोन. आणि काचेतून तर अजिबात नाही, काच यूव्हीबी अडवते. आई इथे आली होती तेव्हा रोज खिडकीशी खुर्ची टाकून "ड जीवनसत्त्व घेत" बसायची, मला सांगवेना.

आमच्याकडे ऑक्टोबर ते मार्च सूर्य इतका खाली असतो की काही तयार होत नाही, म्हणून सरकारच सांगतं की हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० युनिट घ्या. तुमच्याकडे वर्षभर ऊन आहे आणि तरी निम्मी पुणेरी मंडळी टोपी, स्कार्फ, हातमोजे घालून स्कूटरवर. दहशतवादी की काकू, कळत नाही.

---

सदाशिव_पेन्शनर | १६ जुलै, सकाळी ६:२०

कोवळं ऊन आयुर्वेदात आहे. अकरा वाजता उन्हात बसलं तर चक्कर येते, मँचेस्टरला बसून सांगायला काय जातं.

---

मँचेस्टरचा_पाऊस | १६ जुलै, दुपारी १:०५

आजोबा, तासभर नाही हो, हातपाय उघडे टाकून वीस-पंचवीस मिनिटं. कपडे वाळत घालायला गच्चीवर जाता तेवढं.

---

सदाशिव_पेन्शनर | १६ जुलै, दुपारी १:४०

कपडे सौ. वाळत घालते.

---

मिरचीचा_खर्डा | १६ जुलै, दुपारी १:४२

मग हाडं सौ. ची चांगली असणार :)

---

निळी_छत्री | १६ जुलै, दुपारी ४:१८

ड वरून एक गंभीर गोष्ट सांगते, कृपया वाचा. बाबांना साठ हजार युनिटची पुडी लिहून दिली होती, आठवड्यातून एक, आठ आठवडे. चिठ्ठीवरचं अक्षर कोणालाच लागलं नाही, औषधवाल्याने "रोज एक दुधातून" सांगितलं आणि बाबांनी शिस्तीत दोन महिने रोज घेतली. मग उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, आणि एक दिवस मला ओळखेनात. आम्हाला वाटलं पॅरालिसिस. रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलेलं, किडनीला मार बसला, अकरा दिवस ॲडमिट. ड हे पाण्यासारखं निघून जाणारं जीवनसत्त्व नाही, चरबीत साठतं. व्हॉट्सॲपवर "सगळ्यांनाच कमी असतं, घेऊन टाका" असं फिरतं त्याचा मला फार राग येतो.

---

बॅडमिंटन_काका | १६ जुलै, सायंकाळी ६:३०

सगळं बायकांचंच चाललंय म्हणून लिहितो. मी ५८, पुरुष, दारू-सिगरेट नाही, रोज खेळतो. दम्यासाठी वर्षानुवर्षं मधून मधून स्टिरॉइडच्या गोळ्या, सोडल्या की दम लागायचा म्हणून मीच पुन्हा सुरू करायचो. शिंकलो आणि बरगडी मोडली. खोटं वाटेल पण शिंक. टी-स्कोअर उणे ३.१. तीन महिन्यांच्या वर स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर हाडांचं आधी बघायचं असतं म्हणे. माझ्या आत्याचं तर त्याहून भारी, ती गुडघ्यांसाठी कुठल्याशा बाबाच्या "आयुर्वेदिक" पुड्या घ्यायची, दोन दिवसांत पळायला लागली, चेहरा गोल झाला. पुडीत काय होतं ते सांगायला नको.

---

केजची_आक्का | १६ जुलै, रात्री १०:१५

मी बीड जिल्ह्यात आरोग्य खात्यात काम करते. डॉक्टरांनी वर इस्ट्रोजनला मुकादम म्हटलं ते वाचून थांबले जरा. आमच्याकडे मुकादम म्हणजे ऊसतोडीला उचल देणारा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बाईने पाळीत खाडा केला की जोडीचा दंड. मग पाळीची कटकट नको, पांढरं जातंय, कॅन्सर होईल अशी भीती घालून पिशवी काढायची. २०१९ मध्ये सरकारने यासाठी नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीपुढे आकडा आला, ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. पुष्कळ जणी तिशीतल्या.

नुसती पिशवी काढली आणि अंडाशय ठेवले तर तुमचा तो मुकादम कामावर राहतो. पण कितीतरी जणींना माहीतच नाही की आपलं काय काय काढलं, कागद नाही, काही नाही. ज्यांचे अंडाशय गेले त्यांना बत्तीस-पस्तिसाव्या वर्षी पन्नाशीतली हाडं. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढतात, ओझं उचललं की हाड मजबूत होतं म्हणतात ना, या तर रोज उचलतात, पण खायला दूध नाही आणि आतून हार्मोन नाही. कंबर दुखते म्हणून येतात, मी कॅल्शियमच्या गोळ्या देते, दुसरं माझ्या हातात काय आहे. डेक्सा मशीन कुठल्या शहरात आहे हे विचारू नका. इथे टी-स्कोअरच्या दशांशावर चर्चा चाललीय, चालू द्या, मला तुमचा राग नाही. फक्त लिहावंसं वाटलं.

---

रविवारची_मिसळ | १६ जुलै, रात्री १०:४८

आक्का, लिहिलंत ते बरं केलंत. माझी पिशवी ४१ ला काढली तेव्हा अंडाशय काढले की ठेवले हे मी डॉक्टरांना विचारलं नव्हतं. आत्ता कपाटातली फाइल काढून बघितली. दोन्ही काढलेत.

---

प्लास्टरवाला | १६ जुलै, रात्री ११:३०

आक्का, माझी उपमा तुमच्यापुढे थिटी आहे. पुढच्या वेळी दुसरी शोधतो.

---

यवतमाळ_फास्ट | १७ जुलै, सकाळी १०:०५

आमच्या भागातली अजून एक गंमत, म्हणजे गंमत नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड भलतं. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की वर्षानुवर्षं ते हाडात बसते. दात पिवळे-तपकिरी, मान वळत नाही. आणि मशीनवर अशा माणसाचं हाड दाट दिसू शकते, पण दाट म्हणजे मजबूत नव्हे भाऊ, खडूसारखं. एकेकाळी हाडं भरण्यासाठी फ्लोराइड औषध म्हणून देऊन पाहिलं होतं, घनता वाढली, मोडायची थांबली नाहीत.

---

कुलकर्णी_वहिनी | १७ जुलै, दुपारी १२:१५

दर २० ऑक्टोबरला, तो जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन असतो, त्याच्या आसपास आमच्या सोसायटीत फुकट कॅम्प लागतो. पाय डब्यात ठेवायचा, टाचेवर मशीन, दोन मिनिटांत रिपोर्ट आणि लगेच शेजारच्या टेबलावर पावडरचा डबा बाराशे रुपये. गेल्या वर्षी चाळीस जणांपैकी अडतीस "धोक्यात". राहिलेले दोघे पावडरवाल्याकडे गेलेच नव्हते बहुतेक.

---

प्लास्टरवाला | १७ जुलै, दुपारी १:००

टाचेचं अल्ट्रासाऊंड फार तर चाळणी म्हणून. निदान आणि औषधाचा निर्णय कणा आणि खुब्याच्या डेक्सावर.

---

दाताड्या | १७ जुलै, रात्री ८:५०

मी डेंटिस्ट. "जबडा सडतो" यावर मीच लिहायला हवं. होतो, पण कोणाला ते बघा. कॅन्सर हाडात पसरलेल्यांना हीच औषधं कितीतरी मोठ्या मात्रेत, दर महिन्याला देतात, तिथे हा त्रास खरोखर दिसतो. ऑस्टिओपोरोसिसच्या डोसमध्ये दहा हजारांत एखादा किंवा त्याहून कमी. माझी विनंती एवढीच, औषध सुरू करायच्या आधी तोंड दाखवून घ्या, काढायचे दात असतील ते काढून जखम भरू द्या, आणि नंतर कधीही दात काढायची वेळ आली तर हे औषध चालू आहे असं सांगा. लोक बीपीची गोळी सांगतात, वर्षातून एकदा घेतलेलं सलाईन विसरतात.

---

पोळीचा_लाडू | १७ जुलै, रात्री ९:३५

आठवड्याच्या गोळीचा किस्सा. सासूबाईंना रविवारची गोळी दिली. उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. त्यांनी सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि गोळी चहाबरोबर घेऊन परत पांघरुणात. तिसऱ्या रविवारी छातीत अशी आग की आम्ही ईसीजी काढायला पळालो. अन्ननलिका भाजली होती. आता डॉक्टरांनी वर्षाचं सलाईन दिलं. सांजवेळ, सकाळी उठून चहाशिवाय अर्धा तास राहता येत असेल तरच गोळी निवडा.

---

उंबरठा | १७ जुलै, रात्री १०:२०

सहा महिन्यांनी पोटात घ्यायचं इंजेक्शन पण असतं, डेनोसुमॅब. मावशीला छान चाललं होतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एक डोस राहिला, मग भीतीपोटी दुसराही. वर्षाच्या आत तीन मणके दबले. नंतर कळलं की ते एकदम सोडलं की हाडं झपाट्याने उलट जातात, सोडायचं असेल तर मागून दुसरं औषध द्यावं लागतं. औषध वाईट नाही, पण तारीख चुकवायची नाही हे कोणी आधी ठणकावून सांगितलं नव्हतं.

---

गुडघ्यात_मेंदू | १८ जुलै, सकाळी ८:१०

व्यायामाचं कोणीच बोललं नाही. मी रोज पोहते, शिवाय सायकल. झालं ना?

---

फिजिओ_ताई | १८ जुलै, सकाळी ९:४५

हृदयाला झालं, हाडाला फारसं नाही. हाडाला भार लागतो. पाण्यात अंग हलकं होतं, सायकलवर सीट भार घेते. अंतराळवीरांचं बघा, वजनच नाही म्हणून खुब्याचं हाड महिन्याला एक-दीड टक्का घटतं, तेही रोज व्यायाम करून. भरभर चालणं, जिने चढणं, बैठका, हातात वजन घेऊन व्यायाम हे हाडाचं.

पण सांजवेळच्या आईंसारखा मणका दबलेला असेल तर पुढे वाकायचं नाही. पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, सूर्यनमस्कारातलं वाकणं, सगळं बंद. मणक्याच्या पुढच्या कडेवर नेमका तिथेच दाब येतो. योगाच्या क्लासला हे आधी सांगा, नाहीतर शिक्षक उत्साहात पाठीवर हात ठेवून दाबतात. खाली पडलेलं उचलायचं तर गुडघे वाकवून, पाठ सरळ. आणि तोल. ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं, भाजी शिजेपर्यंत. हाड कितीही ठिसूळ असो, माणूस पडलाच नाही तर खुबा बहुतेक वेळा वाचतो.

---

ओली_फरशी | १८ जुलै, सकाळी ११:२०

फिजिओ ताईंना अनुमोदन. बाबांचा खुबा मोडला त्यानंतर घरात काय काय बदललं ते सांगतो. मोरीत आणि संडासात धरायला दांडे, ते टॉवेलचे नाही, भिंतीत ठोकलेले. बाथरूमच्या दारातलं ते गोधडीचं पायपुसणं, जे आईने हाताने शिवलं होतं आणि ज्यावरूनच बाबा घसरले, ते गेलं, त्यावरून घरात दोन दिवस अबोला. रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा. मोतीबिंदू लांबवला होता तो करून टाकला. बीपीच्या औषधाने उठल्यावर अंधारी येत होती, ते बदललं. सगळं मिळून खुब्याच्या ऑपरेशनच्या बिलात हॉस्पिटलने ग्लोव्हजचे जेवढे लावले होते तेवढ्यात झालं.

---

मांदेली_फ्राय | १८ जुलै, सकाळी ११:३२

कोकणात पावसाळ्यात अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं ते पण खरवडून काढा. सांजवेळ, चिपळूणला आईच्या मागच्या दाराच्या पायऱ्या बघितल्यात का?

---

सांजवेळ | २ ऑगस्ट, रात्री ९:५५

सगळे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले, आक्कांचा तर चार वेळा. उशीर झाला कारण मध्ये चिपळूणला होते. आधी माझं सांगते.

डॉक्टर पहिल्यांदा म्हणाले की हाडं का झिजली ते बघू. रक्त तपासलं : थायरॉइड, कॅल्शियम, किडनी, ड. ड निघालं ११, म्हणजे बरंच कमी. मी रोज भायखळ्यापर्यंत उभी जाते ते लोकलच्या डब्यात आणि मग ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली, ऊन कुठून लागणार. म्हणाले आधी ड आणि कॅल्शियम भरून काढू, ते न भरता सलाईन दिलं तर रक्तातलं कॅल्शियम घसरू शकतं. नाचणीवर भागेल का असं स्पष्टच विचारलं. ते म्हणाले, नाचणी म्हणजे खडी-डांबर, ती लागणारच, पण खोदणारे थांबत नाहीत तोवर नुसती खडी टाकून रस्ता होत नाही. (प्लास्टरवाला, तुम्हीच आहात का ते?? खरं सांगा.) हार्मोनच्या गोळ्यांचाही पर्याय माझ्या वयाला आहे म्हणाले, पण आमच्याकडे आत्याला स्तनाचा कॅन्सर झालेला, म्हणून मी नको म्हटलं. दात दाखवून आले, एक अक्कलदाढ काढली. जखम भरली की सप्टेंबरात सलाईन घेणार. वहिनीला दाताड्या यांचा प्रतिसाद पाठवला, तिने अंगठा दिला.

---

प्लास्टरवाला | २ ऑगस्ट, रात्री १०:१२

मी नाही. पण आमच्या बॅचमधला असणार, हे उदाहरण आम्हाला एकाच सरांनी शिकवलंय. पहिल्या सलाईननंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी येऊ शकते, घाबरू नका, फ्लूसारखं असतं. त्या दिवशी पाणी भरपूर प्या.

---

सदाशिव_पेन्शनर | ३ ऑगस्ट, सकाळी ६:१५

सौ. ची डेक्सा केली. उणे ०.८. माझी उणे २.२. कोणी हसू नये. आजपासून कपडे मी वाळत घालतो.

---

मिरचीचा_खर्डा | ३ ऑगस्ट, सकाळी ८:०१

अकरा वाजता घाला आजोबा. सात वाजता नाही.

---

फिजिओ_ताई | ३ ऑगस्ट, सकाळी ९:२०

सांजवेळ, आईंचं काय?

---

सांजवेळ | ३ ऑगस्ट, रात्री १०:३०

आईला पट्टा दिलाय, दुखणं निम्म्यावर आलंय. तिला रोज मांडीत टोचायचं इंजेक्शन सुरू केलंय, हाड भरणारं, टेरिपॅराटाइड. पेनासारखं असतं, फ्रिजमध्ये ठेवायचं. सहसा दोन वर्षांच्या वर देत नाहीत. पहिल्या दिवशी भावाने टोचलं, दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः टोचते, म्हणते याचा हात जड आहे. भिंतीला टेकवून उंची मोजली, पेन्सिलीने खूण केली. लग्नाच्या वेळी पाच फूट दोन होती म्हणे, आता चार फूट अकरा. मागच्या पायऱ्यांवर खरंच हिरवंगार शेवाळ होतं, मांदेली, तुम्हाला कसं कळलं. खरवडून घेतलं, बाजूला पाइपचा कठडा बसवला. कळशी बंद, ओट्याशी नळ घेतला.

आणि पोह्यांचा डबा खालच्या फळीवर आणला. त्यावरून मात्र ती अजून रागावलेली आहे, तिथे मुंग्या लागतात म्हणते.

---

खोबरेल | ३ ऑगस्ट, रात्री १०:४१

डब्याखाली ताटलीत पाणी ठेवा, लागत नाहीत.